उदाहरणादाखल एक दुकान

सकाळी सव्वादहाला, कॉफीचा पहिला घोट तोंडात असताना, मॅन्युअलकाकांना पडद्यावर एक आकडा दिसला आणि घोट गिळायचा राहूनच गेला. सात शून्य चार चार एक नऊ. तसल्या आकड्यांच्या हजारो ओळी रोज त्या पडद्यावरून मुंग्यांच्या रांगेसारख्या सरकत, आणि खिडकीत बसलेला माणूस रस्त्याकडे बघतो तसे काका त्यांच्याकडे न बघता बघत. पण परक्या गर्दीत आपल्या घरातलं माणूस अचानक दिसावं, तेही भलत्याच गाडीत चढताना, तसा तो आकडा दिसला. ओळ अशी होती: दुकान ७०४४१९, यादी ‘सर्व माल’, काढून टाकलेल्या नोंदी चार हजार एकशे बारा, काम यशस्वी. पुढे बरोबरची हिरवी खूण. ओळ वर वर सरकत गेली आणि पडद्याबाहेर निघून गेली. दुकान काकांच्या ताईचं होतं. यादी काढली होती ज्या टूलनं, त्या टूलचं माहितीपान काकांनी स्वतः, जन्मात कशावर केले नाहीत एवढे कष्ट घेऊन, बारा दिवसांत लिहिलं होतं. कॉफी तोंडातच कोमट झाली. शेजारच्या टेबलावर कुणीतरी केळं सोलत होतं आणि त्याचा वास एकदम इतका जवळ आला, की काकांना वाटलं आपल्यालाच कुणी सोलतंय.

कंपनीचं काम सांगायला सोपं होतं. लोकांची ऑनलाइन दुकानं ती सांभाळायची, म्हणजे माल काय, किंमत काय, गिऱ्हाइकाचा पत्ता काय, असल्या नोंदी. पूर्वी हे काम माणसं करत. आता एजंट करत. एजंट म्हणजे कुणी टाय लावलेला गृहस्थ नव्हे, बोललेलं समजणारा प्रोग्राम. त्याला ‘दुकान जरा आवर’ म्हटलं की तो आपल्या हातातल्या टूलांपैकी एक उचलतो आणि आवरतो. कुठलं टूल कधी उचलायचं, हे त्याला त्या टूलच्या माहितीपानावरून कळतं. ती पानं काका लिहीत. ऑफिसातली पोरं त्यांना मॅन्युअलकाका म्हणत, कारण इथं यायच्या आधी तीस वर्षं त्यांनी मिक्सर, पाण्याचे पंप, गिझर आणि एकदा तर दातांची खुर्ची, अशांच्या पुस्तिका लिहिल्या होत्या. तीस वर्षांत त्यांचा एक शब्द कुणी वाचला नव्हता. हे ते कुढून नव्हे, हिशेबानं सांगत. गिझरच्या एका पुस्तिकेत एकोणिसाव्या पानावर त्यांनी मुद्दाम वाक्य घुसवलं होतं: जो हे वाचेल त्याने खालील पत्त्यावर यावे, लेखक त्याला चहा पाजील. त्या गिझरचे सव्वा लाख नग खपले. अकरा वर्षं काकांनी चहाची पूड वेगळ्या डब्यात राखून ठेवली. आला एकच माणूस, आणि तोही गिझर फुटला म्हणून भांडायला. त्यानं पुस्तिका उघडलीच नव्हती, पत्ता खोक्यावरून घेतला होता. काकांनी त्यालाही चहा दिला म्हणा. पुढे एका लोखंडी सामानाच्या दुकानात पावशेर खिळे घेतले तर ते दातांच्या खुर्चीच्या सातव्या पानात बांधून आले. घरी येऊन त्यांनी ते पान इस्त्री केलं आणि वाचलं, आणि त्यांना आपलं लिहिणं आवडलं.

म्हणून एजंट भेटला तेव्हा काकांचं जे झालं, ते उतारवयात प्रेमात पडलेल्या माणसाचं होतं. हा वाचक शब्द न् शब्द वाचत होता. स्वल्पविराम हलवला तर याची वागणूक हलायची. ‘शक्यतो’ लिहिलं तर तो थबकायचा, ‘अवश्य’ लिहिलं तर धावायचा. एखाद्या वाक्यात काकांनी ‘मात्र’ घातलं की दूरवर कुठल्याशा दुकानात कुणाची तरी छत्री विकली जायची थांबायची. रात्री अंथरुणावर पडून काका त्या ‘मात्र’चा विचार करत आणि त्यांना हसू फुटे. डिलीटचं टूल आलं तेव्हा ते त्यांनी मागून घेतलं. काढून टाकणं हे काम असं आहे, ते म्हणाले, की त्यात भाषा लागते. बाकी सगळं आकड्यांवर भागतं. कधी काढावं, कधी काढू नये, काढल्यावर काय उरतं, एवढं त्यांनी त्या पानात लिहिलं, आणि शेवटी उदाहरण दिलं. नियमानं उदाहरणातला दुकान क्रमांक खोटा हवा, म्हणून सहा शून्यं लिहिली. पण तपासनीस, ज्याचं काम एजंटांना वेड्यासारखे प्रश्न विचारून छळायचं होतं, तो चौथ्या दिवशी येऊन म्हणाला की शून्यं बघून एजंट बिथरतात, आपणही शून्यं भरतात आणि काम अडतं. खऱ्यासारखा दिसणारा आकडा द्या काका. खऱ्यासारखा म्हटल्यावर माणूस खरा देतो. चालता चालता पोस्टाच्या फॉर्मवर हात स्वतःची जन्मतारीख लिहितो, तसा काकांच्या हातून ताईच्या दुकानाचा क्रमांक पडला. तेवढा एकच त्यांना पाठ होता. ते दुकान त्यांनीच तर उघडून दिलं होतं.

दहा आणि सव्वादहाच्या मध्ये काय झालं, ते त्यांनी ओळी उलट्या सरकवून शोधलं. बुटांचं एक मोठं दुकान होतं. त्याच्या मालकानं आपल्या एजंटला सांगितलं, जुनी यादी काढून टाक. एजंटनं डिलीटचं टूल उचललं, पान वाचलं. मालकानं दुकान क्रमांक दिला नव्हता. पानात एक होता. त्यानं तो घेतला, पुढच्या ‘सर्व माल’सकट. काकांनी एजंटलाच विचारलं, कारण त्या ऑफिसात ज्याला त्याला विचारता येतं, तेवढी लोकशाही आहे. हा क्रमांक तू कुठून आणलास? उत्तर आलं, नेहमीसारखं अदबीनं, की क्रमांक टूलच्या माहितीपानातील उदाहरणावरून घेतला. चूक झाली असल्यास क्षमस्व. उदाहरण अतिशय स्पष्ट होते. काकांनी ते शेवटचं वाक्य चारदा वाचलं. बत्तीस वर्षांत त्यांच्या लिहिण्याला मिळालेली ती पहिली पावती. आणि लाजेची गोष्ट अशी की क्षणभर, अगदी डोळा लवतो न लवतो तेवढा वेळ, त्यांना बरं वाटलं.

दुसऱ्याच्या दुकानात एजंट शिरला कसा, हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. ती काकांचीच मेहेरबानी. ताईला फॉर्म भरायला नकोत, दर सहा महिन्यांनी अंगठा दाखवायला नको, म्हणून त्यांनी तिचं दुकान कंपनीच्या चाचणीच्या दुकानांत टाकलं होतं; नोकरांच्या नातेवाइकांना ती सवलत होती. चाचणीच्या दुकानाला कुलूप नसतं, कुठलाही एजंट आत जाऊन हात साफ करू शकतो. आणि त्याची दुसरी प्रत कुठे ठेवत नाहीत. हे सगळं एका पानावर लिहिलेलं होतं. पान काकांनीच लिहिलं होतं: ‘चाचणीच्या दुकानातून काढलेला माल परत आणता येत नाही.’ चांगलं वाक्य होतं. एक शब्द काढायला जागा नव्हती. तरी ते तपासनिसाकडे गेले, त्यानं तीन ठिकाणी शोधलं, मान खाजवली आणि सांगितलं की काका, इतकं स्वच्छ डिलीट मी आजवर पाहिलं नाही. तो वाईट माणूस नव्हता. त्याला माहीत नव्हतं की दुकान कुणाचं. मग प्रमुखबाई आल्या, काकांच्या मुलीच्या वयाच्या. बुटांच्या मालकाची यादी सहीसलामत आहे ना, एवढं त्यांनी पाहिलं आणि सुस्कारा टाकला. कुणाचं नुकसान नाही, चाचणीचंच दुकान उडालं, पण उदाहरण तेवढं आज बदला. दुरुस्ती दोन मिनिटांची आहे. हो म्हणाले काका. हे माझ्या बहिणीचं, हे शब्द घशापर्यंत आले आणि तिथं खुर्ची टाकून बसले.

दोन मिनिटांची दुरुस्ती करायला ते बसले. जुना क्रमांक पुसला. मनाला येईल तो सहा आकडी क्रमांक टाकला, आणि मग कुणाचा आहे बघावा म्हणून बघितलं, तर कुणी वेताच्या खुर्च्या विकणारा निघाला. दुसरा टाकला, तिथं एक विधवा शाळेची दप्तरं शिवत होती, दप्तरावर पोराचं नाव फुकट काढून मिळेल असं वर लिहिलं होतं. तिसरा कुत्र्यांच्या पट्ट्यांचा. चौथ्याला कुणी नव्हतं, पण यंत्र म्हणालं की तो उद्या सकाळी नव्या दुकानाला मिळणार आहे. सगळे आकडे कुणाचे ना कुणाचे होते. आयुष्यभर त्यांनी ‘उदाहरणार्थ’ लिहून पुढे काहीबाही टाकलं होतं, उदाहरणार्थ एक वाटी, उदाहरणार्थ एक कुटुंब, आणि त्या जागेवर कुणीतरी खरंच राहत असेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. बिनधोक आकडा जगात एकच उरला होता. त्यांनी प्रमुखबाईंना जाऊन विचारलं. त्यांनी दोन सेकंद विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. बरोबर आहे काका, तोच राहू द्या, तिथं आता काढण्यासारखं काहीच नाही. तेव्हा काकांनी परत येऊन सात शून्य चार चार एक नऊ लिहिलं, पान जतन केलं, डोकं दुखतंय असं सांगितलं आणि जिना उतरून गेले. लिफ्टमध्ये आरसा होता म्हणून जिना.

ताईचं घर चालत पाऊण तासावर. बस होती, पण बसनं लवकर पोचलं असतं. रस्त्यावर दुपार पसरली होती, दुकानांच्या काचांत कोट घातलेले बिनडोक्याचे पुतळे उभे होते, आणि काकांची नजर न राहवून त्यांच्या बटणांवर जात होती. ताई बटणं विकायची. नवी नव्हेत, हरवलेल्या बटणांची भावंडं. कुणाच्या वडलांच्या कोटाचं तिसरं बटण पडलं, तशी बटणं आता बनत नाहीत, मग माणूस शोधत शोधत ताईच्या दुकानाशी यायचा. फाटक्या कपड्यांच्या गाठोड्यांतून, बंद पडलेल्या कारखान्यांतून तिनं ती चाळीस वर्षं गोळा केली होती. प्रत्येक जातीचं एक पाकीट, पाकिटावर टोचून उमटवलेला नंबर, बोटाला लागेल असा. आणि नंबरपुढची सगळी हकीकत ऑनलाइन दुकानात. फोटो ती ठेवायची नाही. फोटोत सगळे तपकिरी सख्खे भाऊ दिसतात, म्हणायची, आणि गिऱ्हाईक शिव्या घालत परत येतं. ती लिहायची. भिंगाखाली बटण धरून एकेकावर अर्धा अर्धा तास. पावसानंतर वाळत आलेल्या भिंतीचा करडा. म्हाताऱ्या घोड्याच्या दाताचा पिवळा, कडेला जरा उजळ. चिडलेल्या माणसानं ओढून ओढून भोकं मोठी केलेलं. काका तेव्हा तिला हसत. ताई, करडा लिही, मोकळी हो. वाचणाऱ्याला घाई असते. ती म्हणायची, घाई असणाऱ्याला शर्टाची बटणं पुरतात, त्याचं माझ्याकडे काय काम. आणि लोक वाचत, हे विशेष. न विकत घेता नुसतं वाचायला येत. काकांना त्याचा किंचित मत्सर वाटे, तो ते स्वतःशी कबूल करत नसत. ती त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी. शाळेत जाताना त्यांच्या अंगातल्या सदऱ्याचं बटण अंगावरच टाचायची, हलू नकोस छोट्या, सुई काळजात जाईल. मग छातीशी वाकून दातानं दोरा तोडायची, तो ‘टक’ आणि तिचा गरम श्वास. तेव्हा तिला अंधारातही सुईत दोरा ओवता यायचा. चार वर्षांपूर्वी डोळ्यांच्या पडद्यांनी दगा दिला. आता उजेड आहे की नाही, एवढंच तिला कळे. डॉक्टर म्हणाला आता दुकान बंद करा. ती हसली. बघायचं ते सगळं बघून झालंय, म्हणाली, लिहूनही झालंय. आणि खरंच दुकान एक दिवस बंद पडलं नाही. फोन तिला ऑर्डर वाचून दाखवायचा, बोटं पाकीट शोधायची. भाडं त्यावर, औषधं त्यावर, आणि सकाळी उठायचं कारणही त्यावर. काका कोपऱ्यावर थांबले. परत फिरावं, असं वाटलं. चपलेचा बंद नीट करत ते बराच वेळ वाकून राहिले. बंद नीटच होता.

दार नेहमीसारखं लोटलेलं होतं. खोलीत तीन भिंतींना खणच खण, आणि मध्ये टेबलाशी ताई, फोनपुढे बसून नंबर उच्चारत होती. बाराशे सात. फोन म्हणे, नोंद सापडली नाही. बाराशे आठ. नोंद सापडली नाही. आवाजावरून ती सकाळपासून हे करत असावी. पावलं ओळखून ती म्हणाली की छोट्या, बरा आलास, या भाड्या फोनला काय झालंय बघ, सकाळपासून एकच पालुपद. एका गिऱ्हाइकाला लग्नाच्या कोटाचं बटण हवंय, चार तास तो माणूस थांबलाय. आणि मग, काकांची पावलं दारातच थांबली म्हणून, तिचा हात फोनवर पालथा पडला.

“सांग.”

काकांनी सांगितलं. सांगताना त्यांच्या तोंडून ऑफिसातलीच भाषा आली, क्रमांक ग्राह्य धरला गेला, प्रक्रिया पूर्ण झाली, अशी. वाक्यांना कर्ताच सापडेना. ताईनं पूर्ण ऐकून घेतलं. सगळ्याच का, विचारलं. सगळ्याच. परत येण्यातल्या नाहीत? नाहीत. मग तिनं तोंड त्यांच्याकडे वळवलं, नेमकं नाही, जरा त्यांच्या कानाकडे.

“म्हणजे तू काढल्यास.”

“मी लिहिलं. काढल्या त्यानं.”

“त्यानं वाचलं कुणाचं?”

काका खाली बसले. ताई रागावली असती तर बरं होतं. त्यांनी वाटेत तिच्या रागाची पूर्ण तयारी केली होती. पण ती उठली, पहिल्या खणापाशी गेली आणि एक पाकीट आणून त्यांच्या हातात दिलं. बटणं तर आहेत ना, म्हणाली. डोळे तुला आहेत, तोंड मला आहे. तू बघून सांग, मी बोलते, फोन लिहून घेईल. दिवसाला वीस झाली तरी वर्षभरात. लिहिणारा माणूस तू, तुला काय अवघड. काकांच्या अंगात एकदम ऊब आली. हा मार्ग त्यांना सुचलाच नव्हता. त्यांनी दिवा ओढला, भिंग लावलं, बटण बोटांत धरलं.

“गोल,” ते म्हणाले. “तपकिरी. चार भोकं.”

“कसला तपकिरी?”

“गडद.”

“कशासारखा गडद?”

काका बघत राहिले. भिंगाखाली बटण ताटलीएवढं झालं होतं. त्यात काहीतरी होतं, कडेनं एक झाक फिरत होती, कबूल. पण शब्दाला हात घालावा तर हातात ‘तपकिरी’च येई. कॉफीसारखा, ते म्हणाले. ताईनं विचारलं, दुधाच्या की बिनदुधाच्या, ताज्या की कपाच्या तळाशी वाळलेल्या. त्यांनी कपाचा तळ आठवून बघितला. तसाही नव्हता. बुटासारखा म्हणून पाहिलं. कुणाच्या बुटासारखा, तिनं विचारलं, अजिबात चिडवायला नव्हे. काकांच्या डोळ्यांपुढे तीस वर्षांची वाक्यं उभी राहिली, सुटसुटीत, घासलेली, ज्यांतून त्यांनी असला प्रत्येक शब्द वेचून फेकून दिला होता. बटण क्रमांक एक त्यांनी खाली ठेवलं आणि दोन घेतलं. तेही तपकिरी. तिसरं काळं होतं, तेव्हा त्यांना बरं वाटलं. पण चौथंही काळं निघालं, आणि ताईनं विचारलं की आधीच्याहून वेगळं कसं, कारण वेगळं नसतं तर मी वेगळ्या पाकिटात घातलंच नसतं. काकांनी दोन्ही शेजारी ठेवली. दिव्याखाली नेली, खिडकीत नेली. वेगळी होती. ती वेगळी आहेत हे त्यांना दिसत होतं. ते उभे राहिले खिडकीत, दोन तळहातांवर दोन काळी बटणं घेऊन, आणि खाली रस्त्यावरून एक बाई फुलकोबी हातात धरून जात होती.

“दिसतंय ना तुला?” ताईनं मागून विचारलं.

“दिसतंय.”

“मग?”

सात पाकिटं झाली आणि उन्हं भिंतीवरून सरकली. फोनमध्ये लिहिलं गेलं होतं ते ताईनं वाचून घेतलं. गोल, तपकिरी, चार भोकं. गोल, तपकिरी, चार भोकं. फोनचा आवाज स्पष्ट होता. तिसऱ्यानंतर तिनं तो थांबवला आणि राहू दे म्हणाली. त्या कोटवाल्याला कळवून टाक की नाही मिळालं. मग न्हाणीघरातली बादली आण, कोरडी करून.

काकांनी बादली आणली. ताईनं खण बाहेर ओढला, पाकीट काढलं, तोंड फाडून बादलीत रिकामं केलं, पुढचं काढलं. तिची बोटं बटणांवरून फिरत होती तेव्हा काकांना वाटलं ती हातानं ओळखून निवडतेय, आणि त्यांचा जीव थोडा भांड्यात पडला. पण बोटं थांबत नव्हती. ती नुसती बघत होती की पाकिटात एखादं अडकून राहिलं नाही ना. बादलीच्या तळाशी आवाज आधी टणटण झाला, मग थर बसला तसा मऊ होत गेला.

“ताई, नंबर तरी राहू दे गं. पुढेमागे...”

“कशाचे नंबर?” ती म्हणाली, पुढचं पाकीट फाडत. “किलोवर घेणारा एक आहे. त्याला सगळं एकत्र लागतं.”

दुसऱ्या खणानंतरचे खण उंचावर होते, दर वेळी वाकून ओतणं जमेना, म्हणून तिनं बादली धरायला सांगितली. काकांनी ती दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली. ती पाकिटामागून पाकीट ओतत गेली, फाडलेले कागद पायापाशी पडत गेले, आणि बादली इतकी हळूहळू जड होत होती की अमुक पाकिटानं झाली असं सांगता येत नव्हतं. पाचव्या खणाशी काकांचे दंड थरथरू लागले. काठाशी आलेलं एक बटण घरंगळून खाली पडलं, फरशीवर स्वतःभोवती फिरलं आणि निजलं. ताईनं तिकडे कान केला.

“नीट धर छोट्या,” ती म्हणाली. “पायाखाली येतील, घसरशील.”

काकांनी बादली नीट धरली.